खाऱ्या पाण्याला भिणारे अण्णा

तापीचा पूल ओलांडताना भामरे अण्णा कठड्यापासून लांब, रस्त्याच्या मधोमध चालायचे. मागून ट्रक भोंगा वाजवत आला तरी कडेला होत नसत. "ट्रकवाला तरी थांबेल, पाणी थांबत नाही," म्हणायचे. लहानपणी पांझरेच्या पुरात त्यांच्या डोळ्यांदेखत धाकटा भाऊ वाहून गेला होता. धुळं सोडून ते सुरतेला आले, पण ती भीती सुटली नाही. ती त्यांनी लपवलीही नाही. "माले भेव वाटस, भाऊ," असं हा धिप्पाड माणूस कुणालाही सरळ सांगायचा.

अशा माणसाच्या नशिबी काम आलं ते बोटींचं. साठचं दशक सरत आलं होतं. आमच्या ओतशाळेत ते फोरमन आणि मी लेथवर. इंजिन थंड ठेवायला बोटीच्या तळाशी एक वाल्व्ह असतो, त्यातून समुद्राचं पाणी आत घेतात. तो आम्ही गनमेटलचा ओतायचो, म्हणजे तांब्यात कथील. डाइंग मिलांना तसेच वाल्व्ह पितळेचे जायचे, म्हणजे तांब्यात जस्त. गोड्या पाण्यात पितळ चालतं. खारं पाणी मात्र त्यातलं जस्त खाऊन टाकतं. आकार तसाच राहतो, आत उरतं ते भुसभुशीत, गुलाबी तांबं. "लोखंड गंजलं तर दिसतं तरी," अण्णा म्हणायचे. "पितळ हसत हसत मरतं."

एका सकाळी गोदामात कित्येक महिने पडून असलेली मिलची पेटी त्यांनी उघडली. आत गनमेटलचे वाल्व्ह निघाले. म्हणजे पितळेचे बोटींवर गेले होते. पेट्यांवर खुणा अण्णांनीच केल्या होत्या. ते तडक ओतशाळेच्या मालकांकडे, शेठकडे गेले. शेठ म्हणाले, अजून कुणाची तक्रार नाही, उगाच बोभाटा करू नका. अण्णांनी ऐकलं नाही. मला बरोबर घेऊन ते एकेक बोट शोधत फिरले आणि स्वतःच्या हाताने वाल्व्ह बदलत गेले.

मगदल्ला बंदरात रमणभाई नावाच्या मालकाची बोट निघायच्या बेतात होती. खाडीच्या मध्यावर नांगर टाकून उभी होती. तिथवर छोट्या होडीतून जायचं होतं. अण्णा होडीत बसले ते डोळे मिटून, दोन्ही हातांनी फळी धरून. त्यांच्या दातांचा आवाज मला वल्ह्यांच्या आवाजातही ऐकू येत होता.

बोटीच्या तळात अंधार आणि डिझेलचा वास. अण्णांनी वाल्व्हवर खिळा ओढला. गुलाबी भुगा पडला.

"साहेब, आ तो नवो छे," रमणभाई म्हणाले, आणि तो नवाच आहे हे दाखवायला त्यांनी वाल्व्हची मूठ फिरवली. वाल्व्ह मानेपासून तुटून त्यांच्या हातात आला. पाणी उसळून आत आलं.

रमणभाईंचे दोन्ही मुलगे वर डेकवर होते. रमणभाई त्यांना हाका मारत वर धावले. अण्णांनी अंगातला सदरा काढला, त्याचा बोळा भोकात कोंबला आणि त्यावर तळहात दाबून धरला. पाणी गुडघ्यापर्यंत चढलं, मग मांडीपर्यंत. दुसऱ्या हाताने त्यांनी माझं मनगट पकडलं होतं.

"माझा हात सोडू नको," ते म्हणाले. "मी पळून जाईन."

मी सोडला नाही. मीही तितकाच घाबरलो होतो. भरती होती म्हणून निभावलं. नांगर उचलून रमणभाई आणि मुलांनी बोट भरतीच्या लोंढ्याबरोबर किनाऱ्याच्या चिखलात घातली. तळ टेकल्याचा धक्का बसला तरी माझ्या मनगटावरची अण्णांची बोटं उघडेनात. रमणभाईंनीच ती एकेक करून सोडवली. ते रागावून काही बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी मुलांना बोलावून अण्णांच्या पायांवर घातलं. अण्णा म्हणाले, "चूक माझी आहे. पाया कसले पडता?"

शेठनी त्यांना कामावरून काढलं. ते बारडोलीच्या साखर कारखान्यात लागले, समुद्रापासून लांब. सगळे वाल्व्ह सापडले, एक मात्र सापडला नाही. तो कुणीतरी रोखीने नेला होता, वहीत नाव नव्हतं; कुठल्या बंदरावर गेला, हे कधीच कळलं नाही. त्यासाठी अण्णा सुट्टीच्या दिवशी सुरतेला येऊन धक्क्यांवर विचारत फिरायचे.

काही वर्षांनी ते वारले. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी सांगत होत्या, पश्चिमेचा वारा सुटला की हे अंथरुणातून उठायचे आणि अंगणात जाऊन उभे राहायचे. काय झालं विचारलं तर म्हणायचे, "काही नाही. तू झोप. कुणीतरी समुद्रात आहे."