तोंडातला ओलावा
कंपनीत सॉर्बिटॉलचा टँकर आला की मला वडील आठवतात. सॉर्बिटॉल म्हणजे नितळ, घट्ट, गोडसर पाक. तो ओलावा धरून ठेवतो, म्हणून आमची टूथपेस्ट ट्यूबमध्ये सुकत नाही. घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन दिल्यावर वडिलांची लाळच आटली. जीभ टाळूला चिकटायची, शब्द फुटायचा नाही. डॉक्टरांनी तोंडात मारायचा फवारा दिला, त्यातही सॉर्बिटॉलच होतं. महाळुंग्याच्या घरी त्या दुपारी मी दोन फवारे मारले. त्यांनी ते जिभेवर घोळवलं आणि कित्येक दिवसांनी स्पष्ट बोलले, "बस जरा. तुला एक सांगायचं हाय." माझी सेकंड शिफ्टची बस यायची वेळ झाली होती. "आल्यावर ऐकतो, दादा. आता पडा," म्हणून मी निघालो. त्यांनी मान हलवली. संध्याकाळी चहाच्या सुट्टीत घरून फोन आला, दादा गेले. आई म्हणाली, "सारखा फवारा मागत व्हते. म्हनलं, मला सांगा. तर म्हनले, न्हाई, त्यो आल्यावर सांगतो." त्यांना काय सांगायचं होतं, ते मला आजही माहीत नाही. त्या दिवशी बस दहा मिनिटं उशिरा आली होती आणि तेवढा वेळ मी नाक्यावर नुसता उभा होतो.