डोंबिवलीविषयी डॉक्टरीणबाईंची दोन मते

डॉ. सुमतीबाई करमरकर १९४९ साली डोंबिवलीत आल्या, तेव्हा शाळेतर्फे त्यांचे स्वागत करण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते नाखुशीनेच केले. आधीचे दोन डॉक्टर वर्षभरही टिकले नव्हते. या तर मुंबईत शिकलेल्या, आणि स्टेशनाजवळच्या दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या. त्या कधी जातील, याचा अंदाज मी मनाशी बांधून ठेवला होता.

त्यांच्या हाताला गुण आहे, हे लवकरच दिसले. गावाविषयी मात्र त्यांचे मत वाईट होते. डोसांच्या खुणांची कागदी पट्टी डकवलेली, तीन दिवसांच्या मिक्श्चरची बाटली लोक दुसऱ्याच दिवशी रिकामी करून आणत. "औषध मोरीत ओततात आणि वर खोटं बोलतात," त्या मला म्हणाल्या. "गाव लहान, मनंही कोती."

मला गावाची वकिली करायची नव्हती. खरे काय ते हवे होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी मी त्यांना घेऊन गेले. तिची बाटली चार भावंडांत फिरत होती. सुमतीबाईंनी जाब विचारला, तेव्हा आई म्हणाली, "खोकला चौघांना हाय, बाई. एकीलाच कसं पाजू?"

दुसऱ्या दिवसापासून घरात आणखी कोण आजारी आहे, हे सुमतीबाई प्रत्येकाला विचारू लागल्या आणि चौघांना चार बाटल्या देऊ लागल्या. दवाखाना भरू लागला. बाळंतिणींच्या घरून जेवायला थांबण्याचा आग्रह होई, आणि त्या थांबत.

दोन वर्षांनी मुंबईच्या एका इस्पितळाने त्यांना बोलावले. राहायला जागा, चोवीस तास नळाचे पाणी. नेमक्या त्याच सुमारास त्या गावाची स्तुती करू लागल्या. जाणारा माणूस गोड बोलतो, हा माझा अनुभव. मी सरळ विचारले, "बाटल्या अजूनही शेजारीपाजारी फिरतात. मग कोतं गाव उदार कधी झालं?"

त्या हसल्या नाहीत. "तेव्हा मी एकटी जेवत होते, बाई. कामातही समाधान नव्हतं. त्याचा राग गावावर काढला."

त्यांनी इस्पितळाला नकार लिहिला. ते पत्र मी मागून घेतले, वाचले आणि स्वतः टपालपेटीत टाकले.

आज सुमतीबाईंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो. आपण हल्ली दुपारी विश्रांती घेतो, असे त्या सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. दवाखान्यासमोर राहणाऱ्यांनी लक्ष ठेवावे.