डाव्या चाकाची करकर

भनपुरीच्या गॅरेजात मिस्त्रीने बाबांच्या जुन्या फियाटचं पुढचं डावं चाक उतरवलं, गंजलेल्या बोल्टवर रॉकेल टाकलं, आणि त्या वासासरशी मी समता कॉलनीतल्या आमच्या लहानपणच्या अंगणात पोचले.

त्या दिवशी बाबा घामाघूम होऊन सस्पेन्शनचे झिजलेले, करकरणारे रबरी बुश ठोकून काढत होते. आईबाबांचा तेव्हा अबोला होता. कशावरून, ते मला आजही माहीत नाही. पण संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडीची करकर ऐकू आली, की आई मुकाट्याने चहा ठेवायची.

नवे बुश बसले आणि दुसऱ्या दिवशी गाडी आवाज न करता दारात आली. चहा नव्हता. बाबा दारातच थबकले.

"तुह्या बाबाले विचार, गाडी वाजली काहून नाही?" आई मला म्हणाली.

"सांग तिले, बुश बदलले," बाबाही मलाच म्हणाले.

रविवारी बाबांनी डावीकडचा नवा बुश काढला आणि झिजलेलाच परत बसवला.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"पाना दे," एवढंच ते बोलले. मी गोंधळून पाना दिला.

"दीदी, ये वाला तो पूरा खतम है. निकाल दूँ?" मिस्त्री त्याच डाव्या बुशवर बोट ठेवून विचारतोय.

बाबा आता नाहीत. मी गाडी घेऊन गल्लीत वळले, की करकर ऐकून आई अजूनही उठून चहा ठेवते. मी चहा पीत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.