शपथ मोडणारी मंदा

"मंदाकाकी गेली गं आई..." लेकीचा फोन आला तेव्हा मी वाडीत चिकू वेचत होते. कशानं, तर तापानं. मलेरिया, फार उशिरा कळला. माझ्या तोंडून पहिली निघाली ती शिवीच. महिना उलटला, अजून मी ती मागे घेतलेली नाही.

मंदा माझी धाकटी जाऊ. तारापूरच्या घरात मी पहिलटकरीण होते, सातवा लागलेला, डोहाळजेवण ठरलेलं, आणि मला दिवसाआड हुडहुडी भरायची. मी कसली शहाणी! ताप सांगितला तर फुलांच्या दागिन्यांतला फोटो हुकेल, म्हणून गोधडीत दात वाजवत पडायचे. मंदानं पकडलं. तिला म्हटलं, माझ्या गळ्याची शपथ घे, सासूबाईंना सांगणार नाहीस. तिनं माझ्या गळ्याला हात लावला, "नाय सांगनार" म्हणाली, आणि तोच चटका बसलेला हात घेऊन सरळ चुलीपाशी गेली. "आई, वयनी तव्यासारकी तापलेय!"

गावातल्या दवाखान्यात बोटाचं रक्त घेतलं, ते साफ निघालं. मी काय फुगले! पोट एवढं पुढे आलेली बाई जावेला जीभ काढून दाखवत होती. पुन्हा थंडी वाजली तशी मंदानं मला गोधडीसकट रिक्षात कोंबून पालघरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदा साफ आलं म्हणून निर्धास्त राहायचं नाही; पोटुशी बाईच्या वारेत मलेरियाचे जंतू दडून बसतात, बोटाच्या रक्तात दिसत नाहीत, परत परत बघावं लागतं. या खेपेला सापडले. अंगात रक्त उरलं नव्हतं, साखर इतकी उतरलेली की नर्सलाच सासूबाई समजून मी पदर सावरत होते. लेक दिवस भरण्याआधीच आली, ओंजळीएवढी. डोहाळजेवण राहिलं ते राहिलंच. बारशापर्यंत मी मंदाशी अबोला धरला, आणि पुढे जन्मभर तिला चेष्टेनं दगाबाज म्हटलं. तेव्हापासून भेटलो की आधी एकमेकींचा गळा चाचपायचा, मग चहा.

शेवटची भेट बोईसरला, तिच्या मुलाकडे. भर उकाड्यात शाल घेऊन बसलेली. "म्हातारी झालीस गं," म्हणत मी गळ्याकडे हात नेला. तिनं मान वळवली.

"नको वयनी, तुजे हात गार हायत."

हसली. मीही हसले... ताप तिला तेव्हाच होता, हे मागाहून कळलं. माझा ताप घरभर केलास, आणि स्वतःचा माझ्यापासून लपवलास? खरा दगा हा, मंदा.

परवा लेक आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं माझ्या गळ्याला हात लावला, काकीनंच लावलेली खोड. मी मान वळवली नाही.