वर्षालीची दुसरी फीडबॅक

वर्षाली कांबळे पुण्याजवळच्या माणमधल्या एका छोट्या चिप डिझाइन कंपनीत ॲनालॉग इंजिनीअर. घर दिघीत. वडील ज्योतीराम धाराशिवकडून आलेले, चाकणच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करतात.

तिच्याकडे गाडीच्या ब्रेकच्या प्रेशर सेन्सरचा ॲम्प्लिफायर होता. सेन्सरमधून दोन तारा येतात. एकीचा व्होल्टेज वाढला की दुसरीचा घटतो, आणि दोघींतला फरक दोन टप्प्यांत मोठा करायचा असतो. पण दोन्ही तारा एकदमच वर चढल्या किंवा एकदमच खाली बसल्या, तर फरक तोच राहतो. काही बिघडलंय, हे सर्किटला कळतच नाही. म्हणून दोघींची सरासरी पातळी मोजून ती जागेवर आणणारी वेगळी वाट ठेवावी लागते. तिला कॉमन-मोड फीडबॅक म्हणतात.

वरिष्ठ श्याम सरांनी एकच वाट ठेवली होती, शेवटच्या टप्प्यापासून थेट पहिल्यापर्यंत. वर्षालीने संगणकावर थंडीत सर्किट चालू होतानाचं सिम्युलेशन लावलं. दोन्ही आउटपुट तळाला गेले ते तिथेच अडकले.

"पहिला टप्पाच बंद पडतो सर," ती रिव्ह्यूत म्हणाली. "आणि फीडबॅक जाते त्याच टप्प्यातून. मग त्याला उठवणार कोण? प्रत्येक टप्प्याला स्वतःची फीडबॅक द्या."

"करंट वाढेल, चिपची जागा वाढेल. ग्राहकाला लहान चिप हवीय. शिवाय हे क्वचितच होणार."

"क्वचित एखाद्या वेळी ब्रेक लागला नाही, तर चालेल का?"

श्याम सर म्हणाले, "तुझी संमती धरतो."

"धरू नका. या डिझाइनवर माझं नाव नको."

पुढच्या आठवड्यात तिला डिझाइनवरून काढून टेस्ट लॅबमध्ये टाकलं. घरी ज्योतीराम वैतागले. "कशाला भांडायलीस गं? चांगली खुर्ची होती."

"बाबा, तुमच्या प्रेसचा सेफ्टी सेन्सर कुणी बांधून बंद ठेवायला सांगितला तर ठेवाल?"

"न्हाई ठेवणार," ते म्हणाले. "पण मला लई बोलणी बसतील."

"मलाही बसतायत."

त्याच डिझाइनच्या चिप तयार होऊन आल्या, तेव्हा लॅबमध्ये त्या तपासायचं काम तिच्याच वाट्याला आलं. थंड पेटीत ठेवून चालू केल्यावर काही चिप जाग्याच झाल्या नाहीत. श्याम सर येऊन हळू आवाजात म्हणाले, "ग्राहकाला सांग, तपासताना वीजपुरवठा चालू करायचा क्रम चुकला होता."

"क्रम बरोबर होता. मी तसं सांगणार नाही."

ग्राहकाच्या कॉलवर ती सरळ बोलली: दोष डिझाइनचा आहे, दुरुस्ती माझ्याकडे आहे, आणि चिप थोडी मोठी होईल. पलीकडून विचारणा झाली, "थोडी म्हणजे किती?"

ग्राहकाने मोठी चिप मान्य केली आणि चिपची दुसरी आवृत्ती तिच्या हाती आली. काम सोपं गेलं नाही. दोन फीडबॅक एकमेकींशी झुंजू लागल्या, आउटपुट सतत वर-खाली डुलायला लागला. "बघ, एकच वाट बरी होती," श्याम सर म्हणाले. दुसऱ्या टप्प्याच्या फीडबॅकमधला कपॅसिटर बदलत, त्या फीडबॅकचा वेग कमी-जास्त करत वर्षाली बसून राहिली. शेवटी डुलणं थांबलं. नॉइज, म्हणजे सिग्नलमधला नको असलेला गोंगाट, मात्र किंचित वाढला होता. तोही तिने लपवला नाही. नवी चिप थंड पेटीतून दरवेळी नीट जागी झाली.

वर्षअखेरीच्या मूल्यमापनात श्याम सरांनी तिच्यासमोरच सांगितलं, "काम उत्तम. पण तू जुळवून घेत नाहीस, हे मला वर कळवावं लागेल."

"जरूर कळवा," वर्षाली म्हणाली. "आणि कुठल्या गोष्टीशी जुळवून घेतलं नाही, तेही कळवा."

एवढं बोलून ती उठली आणि लॅबकडे गेली.