शालनबाईंची पाठ

पिंपळे गुरवच्या शालनबाई सुईण नव्हत्या. मूल फिरवणं, नाळ कापणं हे सोजराबाईंचं काम. शालनबाई फक्त पाठ द्यायच्या. कळा घेणाऱ्या बाईच्या पाठीला पाठ लावून बसायच्या, टाचा जमिनीत रोवायच्या आणि तिचा सगळा भार घ्यायच्या. मी जन्मभर घमेली वाहिली. डोक्यावरचं ओझं चालताना हलतं, तेवढ्यात मान उसंत चोरते. शालनबाईंचं ओझं जागचं हलत नसे. म्हणून ते जड.

पंचावन्न साली पिंपरीत कारखान्यांच्या इमारती उठत होत्या. मी आणि माझे मालक बीडकडून तिथे बिगारीला आलो होतो. माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण झोपडीतच. सकाळी कळा सुरू झाल्या. भीतीने माझे दात वाजायला लागले.

"मरते बाई मी," मी म्हणाले.

"भ्यायला सवड मिळतीया, म्हंजी कळ बारकी हाय," शालनबाई म्हणाल्या. "बोलू नगं. माझा दम पाठीला लागतोय न्हवं? त्याच्या संगं चाल."

लागत होता. संथ, खोल. कळ आली की त्या कमरेने माझी कंबर दाबून धरत, पण श्वास तोच. माझा श्वास त्याच्यामागे जाऊ लागला. दात वाजायचे थांबले.

"शालन, तुझं बरं बाई, बसून काम," सोजराबाई म्हणाल्या.

"ये की मग हिकडं. जागा बदलू."

दुपारी सोजराबाईंनी माझ्या पोटाला कान लावला. बराच वेळ काढलाच नाही. मग उठून मागे गेल्या आणि शालनबाईंच्या कानाशी काही बोलल्या. पाठीला लागणारा श्वास थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पहिल्यासारखाच.

"काय म्हणाल्या?"

"मागनं सांगते. आता जोर कर."

मी केला. उन्हं कलली तेव्हा मुलगा झाला. रडला नाही. सोजराबाईंनी त्याला फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी शालनबाईंना म्हणाले.

"व्हय."

"अन् तरी मला राबवलंत?"

"तू सोडून दिलं असतंस. मग तूबी गेली असतीस."

मी पुढे सरकले. हात टेकून एकटीच बसले. बाळामागची वार अजून पडायची होती. पुन्हा कळ आली तेव्हा कोपर दुमडलं. वळून बघायची इच्छा नव्हती. मी तशीच मागे टेकले.

पाठ तिथेच होती.