पान उलटं केल्यावर

यांच्या छातीत दोन स्टेंट बसले आणि आमच्या चेन्नईच्या घरात एकाच शब्दाचं राज्य सुरू झालं. वेण्डाम! तमिळमधलं नको. फिरायला चला, वेण्डाम. मैलापूर स्टेशनचा जिना, वेण्डाम. डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते, "ठणठणीत आहात, चढा-उतरा!" पण माझा नवरा दिवसभर खुर्चीत बसून स्वतःची नाडी मोजायचा. माझा नुसता संताप व्हायचा. रडूही यायचं, खोटं कशाला सांगू.

शेवटी नणंदेनं त्यांना हिमालयात नेलं. माझा गुडघा धरलेला, म्हणून मी चेन्नईतच राहिले. जाताना मला बजावून गेले, "मी हॉटेलच्या व्हरांड्यात बसणार. एक पाऊल वर टाकणार नाही!"

तिसऱ्या दिवशी दुपारी फोनवर फोटो आला. पिवळंधमक फूल, पाच पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला जराशी खाच. पान स्ट्रॉबेरीसारखं, तीन दलांचं. खाली लिहिलेलं, "हॉटेलच्या दारात सापडलं. नाव सांग, मास्तरीणबाई."

कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलंय मी. नुसत्या फुलावर विश्वास ठेवायचा नाही, हे पोरींना किती वेळा सांगितलं असेल! हॉटेल देवदारांच्या रानात होतं. तिथं अशाच फुलाची एक जात उगवते, जमिनीवर सरपटत जाणारी, पान दोन्ही बाजूंनी हिरवं. तीच असणार. तरी लिहिलं, "पान उलटं करून दाखवा."

दुसरा फोटो आला. तळहातावर पान, आणि त्याची पाठ चंदेरी, दाट लव असलेली.

अगं बाई! ही तर त्याच फुलाची, पोटेंटिलाची, उंचावरची जात. झाडं संपून नुसतं गवत नि खडक उरतात, तिथं राहणारी. गार वारा आणि कडक ऊन सोसायला तिला ती लव लागते. ती देवदारांखाली कशाला येईल? आणि तो माळ हॉटेलपासून तीन तासांच्या चढावर, असं नणंदेनंच सांगितलं होतं.

माझा जीव भांड्यात पडला. माणूस चक्क खोटं बोलत होता आणि मला आनंदानं हुंदका आवरेना. डोळे पुसून फोन लावला.

"अहो, दारातच सापडलं ना?"

"हो, अगदी पायरीशी."

"बरं. दम लागला का?"



"लागला," ते म्हणाले. "बसलो. मग पुन्हा चढलो."